तंबाखू, तेल आणि फतवा : इराणच्या संतापाची शंभर वर्षे

तेहरानच्या दक्षिणेकडील रेल्वे स्टेशनापासून उत्तरेला अल्बुर्झ पर्वताच्या पायथ्याशी वसलेल्या तजरिशपर्यंत एक सरळसोट रस्ता जातो. लांबी सुमारे १८ किलोमीटर, दुतर्फा चिनाराची झाडे. पहलवी घराण्याच्या पहिल्या राजाने, रझाशहाने, तो बांधवला म्हणून त्याचे नाव पहलवी मार्ग. १९७९ च्या क्रांतीत राजघराणे गेले, पाट्या उतरल्या आणि रस्त्याला मोहम्मद मोसादेग यांचे नाव मिळाले. तेही फार टिकले नाही. लवकरच तो ‘वली-ए-अस्र’ झाला. वली-ए-अस्र म्हणजे काळाचा धनी. शियापंथीयांच्या श्रद्धेप्रमाणे गुप्त झालेल्या आणि पुन्हा प्रकट होणार असलेल्या बाराव्या इमामांची ही पदवी. आधी राजा, मग स्वित्झर्लंडात कायद्याची डॉक्टरेट मिळवलेला पंतप्रधान, मग इमाम. एकाच रस्त्याच्या या तीन पाट्यांत इराणच्या विसाव्या शतकाचा बराचसा इतिहास मावतो.

११ सप्टेंबर २००१ नंतर नऊच दिवसांनी अध्यक्ष बुश यांनी अमेरिकन काँग्रेससमोर एक प्रश्न मांडला : ही माणसे आपला द्वेष का करतात? उत्तरही त्यांनीच दिले. ते आपल्या स्वातंत्र्याचा द्वेष करतात. या उत्तराची विद्वज्जड आवृत्ती त्याआधीच बाजारात आलेली होती. बर्नार्ड लुइस यांचा मुस्लिम संतापाच्या मुळांवरचा निबंध १९९० चा, तर सॅम्युएल हंटिंग्टन यांचा संस्कृतिसंघर्षाचा सिद्धान्त १९९३ चा. या मताच्या विरोधात उभा असलेला पक्षही तितकाच ठाम आहे. त्याच्या मते धर्म हा केवळ बुरखा. खरे कारण म्हणजे पाश्चात्त्यांचे परराष्ट्र धोरण, त्यांनी केलेली कारस्थाने, तेलाची लूट आणि पोसलेले हुकूमशहा. गंमत अशी की दोन्ही पक्ष इराणचा दाखला देतात, आणि दोघेही अर्धाच देतात. पहिल्याची गोष्ट १९७९ ला सुरू होते, दुसऱ्याची १९७९ ला संपते.

इराणचा इतिहास या वादाच्या तपासणीसाठी फार सोयीचा आहे. याच देशाने, याच शियापंथी समाजाने परकीयांविरुद्धचा राग शंभर वर्षांत निरनिराळ्या भाषांतून व्यक्त केला आहे. धर्म तोच राहिला आणि भाषा बदलत गेली. ती का बदलली, हे पाहिले तर हाती काही लागते.

हुक्के विझले तेव्हा

मार्च १८९० मध्ये नासिरुद्दीन शहाने मेजर टॅलबट नावाच्या एका इंग्रजाला साऱ्या इराणातील तंबाखूचा मक्ता ५० वर्षांसाठी देऊन टाकला. खरेदी, विक्री, निर्यात, सगळे त्याच्या हाती. बदल्यात शहाला वर्षाला १५ हजार पौंड आणि नफ्याचा चौथा हिस्सा. तंबाखू हा त्या काळी घराघरातला जिन्नस. शेतकरी तो पिकवत, बाजारातले व्यापारी विकत आणि बायकापुरुष सगळेच हुक्का ओढत. शहाने आजवर परकीयांना पुष्कळ काही विकले होते, पण या वेळी त्याने थेट लोकांच्या ओसरीवरच हात घातला.

१८९१ मध्ये शिराझ, तबरीझ, इस्फहान अशा शहरांतून विरोध उसळला. पुढाकार व्यापाऱ्यांचा होता. त्यांनी उलेमांना सोबत घेतले आणि डिसेंबरमध्ये समारा येथील सर्वोच्च धर्मगुरू मिर्झा हसन शिराझी यांच्या नावाने फतवा प्रसृत झाला : या घटकेपासून तंबाखूचे सेवन म्हणजे गुप्त इमामांशी युद्ध. परिणाम विलक्षण झाला. दुकाने बंद झाली, हुक्के फुटले. खुद्द शहाच्या जनानखान्यातही कोणी हुक्का भरून देईना. जानेवारी १८९२ मध्ये मक्ता रद्द करावा लागला. त्यापायी कंपनीला पाच लाख पौंड भरपाई द्यायची वेळ आली, आणि ती रक्कम शहाने इंग्रजांच्याच बँकेकडून कर्जाऊ उचलली. इराणच्या डोक्यावरचे हे पहिले परकीय कर्ज.

आता हे आंदोलन धार्मिक म्हणायचे की आर्थिक? फतव्याची भाषा पूर्ण धार्मिक आहे, पण फतवा निघाला तो मक्ता मिळाल्यानंतर पावणेदोन वर्षांनी, व्यापाऱ्यांचे पोट जळू लागल्यावर. मात्र धर्माला निव्वळ बुरखा म्हणून मोकळे होता येत नाही. शिया उलेमांना खुम्स आणि जकात श्रद्धाळूंकडून परभारे मिळत असे. ते शहाच्या पगारावर नव्हते. शिराझी तर समाऱ्यात, म्हणजे उस्मानी मुलखात राहत. शहाचा हात तिथवर पोहोचत नव्हता. दरबाराला न भिता सबंध देशाला एक हुकूम देऊ शकेल अशी दुसरी संस्थाच इराणात नव्हती. शहराशहरांतून आंदोलनाच्या बातम्या मात्र धावल्या त्या तारांवरून. हिंदुस्थानशी संपर्क राहावा म्हणून इंग्रजांनी इराणभर तारा टाकलेल्या होत्या. त्यांच्या मक्त्याविरुद्धची बातमी त्यांच्याच व्यवस्थेने पोहोचवली.

पुढचा प्रसंग लुइस-हंटिंग्टन पक्षाला बराच अडचणीचा आहे. १९०६ च्या उन्हाळ्यात राज्यघटनेची मागणी करणारे हजारो तेहरानकर शहाच्या शिपायांपासून बचाव करण्यासाठी आश्रयाला गेले. कुठे, तर ब्रिटिश वकिलातीच्या बागेत. व्यापारी, मदरशांतले विद्यार्थी, कारागीर असे बारा-चौदा हजार लोक तिथे तंबू ठोकून राहिले. चुली पेटल्या, कढया चढल्या, घटना म्हणजे काय यावर व्याख्याने झाली. ज्यांच्या मनात पाश्चात्त्यांविषयी जन्मजात द्वेष आहे असे सांगितले जाते, ते लोक इंग्रजांच्या अंगणात बसून संसद मागत होते. तबरीझमध्ये त्याच घटनेसाठी लढताना एप्रिल १९०९ मध्ये हॉवर्ड बास्करव्हिल हा २४ वर्षांचा अमेरिकन मिशन शाळेतला शिक्षक मारला गेला, आणि तबरीझकरांनी त्याला हुतात्मा मानले.

धर्मगुरूही एका बाजूला नव्हते. तेहरानचे दोन थोर मुजतहिद आणि नजफचे आखुंद खोरासानी घटनेच्या बाजूचे. तर शेख फजलुल्लाह नुरी घटनेला अधर्म मानणारे. नुरींना १९०९ मध्ये घटनावाद्यांनी भर चौकात फाशी दिली. ‘इस्लाम लोकशाहीबद्दल काय म्हणतो’ या प्रश्नाला त्या साली तरी दोन उत्तरे होती, आणि दोन्ही पगडी घातलेल्यांनीच दिलेली होती.

ब्रिटिश वकिलातीविषयीचा भरवसा वर्षभरच टिकला. ३१ ऑगस्ट १९०७ ला ब्रिटन आणि रशियाने इराणला न विचारता इराणचे तीन पट्टे आखले : उत्तर रशियाच्या प्रभावाखाली, आग्नेय ब्रिटनच्या आणि मधला मोकळा. बागेत ज्यांनी कढया चढवल्या होत्या त्यांना हे कसे वाटले असेल, हे सांगायला धर्मशास्त्र लागत नाही.

अबादान

१९०१ मध्ये विल्यम डार्सीने २० हजार पौंड रोख, तितकेच समभाग आणि नफ्याचे १६ टक्के एवढ्यावर ६० वर्षांचा तेलहक्क मिळवला. १९०८ मध्ये मस्जिद-ए-सुलेमानला तेल लागले. १९१४ मध्ये ब्रिटिश सरकारने कंपनीचे बहुसंख्य भाग विकत घेतले आणि ब्रिटिश आरमार इराणी तेलावर चालू लागले. अबादानचा तेलशुद्धीकरण कारखाना पुढे जगात सर्वांत मोठा झाला. तिथे आपलीही माणसे होती. कंपनीने हिंदुस्थानातून हजारो कामगार आणि कारकून नेले होते, आणि १९२० मध्ये या हिंदी कामगारांनी तिथे संपही केला. साहेबांचे बंगले, हिंदी मंडळींच्या चाळी आणि इराणी मजुरांच्या झोपड्या अशी तिथली उतरंड होती. आपल्याच भूमीत इराणी माणूस तळाशी होता. दुसऱ्या महायुद्धानंतर तर ही कंपनी इराणला जितका मोबदला देई त्याहून अधिक कर ब्रिटिश तिजोरीत भरत असे.

मार्च १९५१ मध्ये मजलिसने तेलाचे राष्ट्रीयीकरण केले आणि महिन्याभरात मोसादेग पंतप्रधान झाले. त्यांची भाषा होती कायद्याची आणि राष्ट्राच्या हक्कांची. ब्रिटन हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले, तर हे तिथे स्वतः युक्तिवादाला उभे राहिले. जुलै १९५२ मध्ये न्यायालयाने आपल्याला अधिकारक्षेत्र नाही असा निर्णय दिला. म्हणजे परकीय धोरणाविरुद्धचा इराणचा सर्वांत मोठा संताप सनदशीर मार्गाने चालला होता, आणि जिंकतही होता.

या काळात धर्म कुठे होता? दोन्हीकडे, आणि मधेही. आयातुल्ला काशानींनी आरंभी राष्ट्रीयीकरणामागे बाजार उभा केला, मजलिसचे सभापतिपद भूषवले आणि १९५३ उजाडेपर्यंत ते मोसादेगांचे विरोधक झाले. ‘फिदाईन-ए-इस्लाम’ या संघटनेने राष्ट्रीयीकरणाला विरोध करणाऱ्या पंतप्रधान रझ्माराचा मार्च १९५१ मध्ये खून केला. आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये त्याच संघटनेच्या एका पोराने मोसादेगांचे सहकारी हुसेन फातेमी यांच्यावर गोळी झाडली. कारण मोसादेगांना शरियतचे राज्य आणायचे नव्हते. फातेमी त्यातून वाचले, पण उठावानंतर नोव्हेंबर १९५४ मध्ये शहाच्या सैनिकांनी त्यांना गोळ्या घातल्या. आधी धर्मवाद्यांची गोळी आणि मग पाश्चात्त्यांनी बसवलेल्या राजवटीच्या गोळ्या. इराणी उदारमतवादाची सारी कथा या एका माणसाच्या शरीरावर लिहिलेली आहे.

१९ ऑगस्ट १९५३, इराणी पंचांगाप्रमाणे २८ मोर्दाद. सीआयएच्या केर्मिट रूझवेल्टने ब्रिटिश गुप्तहेर खात्याच्या साथीने रचलेला उठाव दुसऱ्या प्रयत्नात यशस्वी झाला. पहिला प्रयत्न फसताच बगदादमार्गे रोमला पळालेला शहा परतला. पैसे वाटून गर्दी जमवली गेली, हे तर प्रसिद्धच आहे. त्या गर्दीमागे आयातुल्ला बेहबहानींसारखे धर्मगुरू होते, हे मात्र आजची इराणी राजवट सांगत नाही. मोसादेगांना तीन वर्षांची कैद झाली आणि पुढे मरेपर्यंत, म्हणजे मार्च १९६७ पर्यंत, अहमदाबाद या त्यांच्या गावी नजरकैद. १९५४ च्या नव्या करारात तेलाचे ४० टक्के भाग अमेरिकन कंपन्यांना मिळाले. सीआयएने या कामगिरीची स्पष्ट कबुली देणारी कागदपत्रे खुली केली, त्याला २०१३ साल उजाडावे लागले.

इथे जरा इराणबाहेर नजर टाकू. १९५४ मध्ये, अवघ्या वर्षभराने, सीआयएने ग्वाटेमालाचे निवडून आलेले सरकार असेच उलथवले. मे १९५८ मध्ये अमेरिकेचे उपाध्यक्ष निक्सन व्हेनेझुएलाची राजधानी काराकास येथे गेले, तेव्हा जमावाने त्यांच्या मोटारीच्या काचा फोडल्या. त्यांचा जीव थोडक्यात वाचला. त्याच वर्षी पळालेल्या तिथल्या हुकूमशहाला अमेरिकेने आश्रय दिला होता. काराकासचा तो जमाव कॅथलिक. त्याला कुणी फतवा दिला नव्हता. तेव्हा अमेरिकेविरुद्ध राग यायला इस्लाम लागतो, हे म्हणणे इतिहासाला धरून नाही. मात्र राग कशाने पेटला आणि तो कोणावर कोसळला, हे दोन निराळे प्रश्न आहेत. आपल्याकडच्या चर्चेतही त्यांची नेहमी सरमिसळ होते.

दोन भाषणे, एक वक्ता

उठावानंतर तूदेह हा डावा पक्ष मोडला गेला, मोसादेगांची राष्ट्रीय आघाडी विस्कटली आणि १९५७ मध्ये ‘सावाक’ ही गुप्त पोलिस संघटना उभी राहिली. वृत्तपत्रे, संघटना, विद्यापीठे यांची तोंडे बंद करता आली. मशिदीला कुलूप घालता येईना. तंबाखूच्या वेळी जी संस्था दरबाराच्या हाताबाहेर होती तीच पुन्हा शिल्लक राहिली. फरक इतकाच की १८९१ ला तिला पर्याय नव्हता, आणि १९६० नंतर असलेले पर्याय वॉशिंग्टन आणि लंडनच्या मदतीने मोडून काढलेले होते.

खोमेनींच्या दोन लढाया शेजारी ठेवून पाहाव्यात. १९६२ मध्ये ते मैदानात उतरले ते स्थानिक मंडळांच्या कायद्याविरुद्ध. या कायद्याने स्त्रियांना मत मिळणार होते आणि कुराणावरच शपथ घेण्याची सक्ती जाणार होती. या विरोधाचा कोणत्याही परराष्ट्र धोरणाशी काडीचा संबंध नाही. ती त्यांची श्रद्धा होती आणि ते ती उघड सांगत होते. २६ ऑक्टोबर १९६४ चे भाषण निराळे आहे. अमेरिकन लष्करी सल्लागार आणि त्यांची कुटुंबे यांना इराणी न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवणारा कायदा मजलिसने नुकताच संमत केला होता. परकीयांचे असे विशेषाधिकार इराणने १९२८ मध्ये रद्द केले होते, ते आता मागच्या दाराने परत आले. खोमेनींचा दृष्टान्त इराणात घरोघर पोहोचला. इराण्याने अमेरिकन माणसाचे कुत्रे गाडीखाली घेतले तर त्याच्यावर खटला चालेल; पण अमेरिकन आचाऱ्याने खुद्द शहाला गाडीखाली घेतले तरी त्याला विचारणारा कोणी नाही. या भाषणात धर्म थोडा आणि अब्रू फार होती. स्त्रियांच्या मताविरुद्ध त्यांच्यामागे न जाणाऱ्या माणसालाही इथे मान डोलवावीच लागली. ४ नोव्हेंबर १९६४ ला शहाने त्यांना हद्दपार केले.

तोवर सुशिक्षितांचीही भाषा बदलू लागली होती. एकेकाळी तूदेह पक्षात असलेल्या जलाल आले-अहमद यांनी १९६२ मध्ये ‘घर्बझदेगी’ हा ग्रंथ लिहिला. मराठीत या शब्दाला ‘पश्चिमबाधा’ म्हणता येईल. भूतबाधा असते तशी. पॅरिसला शिकलेल्या अली शरियतींनी करबलाच्या कथेत वसाहतविरोधी क्रांती वाचून दाखवली. ज्या तरुणांचे वडील मोसादेगांसाठी रस्त्यावर आले होते ते आता हुसेनांच्या नावाने येऊ लागले. राग वाडवडिलांचाच होता.

१९ ऑगस्ट १९७८ ला, उठावाला बरोबर २५ वर्षे झाली त्या दिवशी, तेलनगरी अबादानमधल्या रेक्स चित्रपटगृहाला आग लावण्यात आली. दारे बंद होती. सुमारे ४०० माणसे जळून मेली. सगळ्या देशाने क्षणात ठरवले की हे सावाकचे काम. पंचवीस वर्षांच्या अनुभवाने लोकांना शहाबद्दल काहीही खरे वाटावे अशी स्थिती होती. पुढे १९८० च्या खटल्यात समोर आले ते असे की आग लावणारा धर्मवादी वर्तुळात वावरणारा तरुण होता. त्या वर्षी चित्रपटगृहे जाळण्याचे प्रकार त्या मंडळींकडून इतरत्रही घडत होते. मेलेले सगळे इराणी, बहुतेक साधी माणसे, एक फारसी चित्रपट पाहायला गेलेली. अमेरिकेने १९५३ मध्ये जे केले त्यातून शहावरचा अविश्वास समजतो. चित्रपटगृह का, हे त्यातून समजत नाही. त्यासाठी काडी लावणाऱ्यांच्या मनातली पापाची कल्पनाच पाहावी लागते.

ओलीस

२२ ऑक्टोबर १९७९ ला कर्करोगाच्या उपचारासाठी पदच्युत शहाला न्यूयॉर्कमध्ये दाखल करून घेतले गेले. तेहरानात याचा अर्थ एकच लावला गेला : शहा पळतो, मग अमेरिका त्याला परत आणते. ४ नोव्हेंबरला विद्यार्थ्यांनी अमेरिकन दूतावासाची भिंत ओलांडली. ५२ माणसे ४४४ दिवस ओलीस राहिली. दूरचित्रवाणीवर अमेरिकेला दिसले ते दाढ्या आणि मुठी. त्यामागचे २८ मोर्दाद बहुतेक अमेरिकनांना ठाऊकच नव्हते.

पण या घटनेचा उपयोग कोणाविरुद्ध झाला? पंतप्रधान मेहदी बझरगान यांनी दोनच दिवसांत पद सोडले. हे बझरगान म्हणजे १९५१ मध्ये इंग्रजांकडून तेल ताब्यात घेणाऱ्या मंडळाचे प्रमुख, मोसादेगांचा विश्वासू माणूस. महिन्याभरात, अमेरिकाविरोधाच्या त्याच ज्वरात, धर्मशास्त्र्याला सर्वोच्च सत्ता देणारी राज्यघटना सार्वमताने संमत झाली. मोसादेगांचा अपमान हे क्रांतीचे भांडवल होते आणि त्या भांडवलावर मोसादेगांच्याच माणसांचा धंदा बसवण्यात आला. जून १९८१ मध्ये खोमेनींनी मोसादेगांच्या मुसलमान असण्यावरच शंका घेतली. रस्त्याची पाटी बदलण्याचे कारण वेगळे शोधायला नको.

यानंतर ‘धर्म हा बुरखा’ हे सूत्र उलटे होते. १८ जून १९८३ ला शिराझमध्ये दहा बहाई स्त्रियांना फाशी दिली गेली. सर्वांत लहान मुलगी १७ वर्षांची होती. गुन्हा, मुलांचे धर्मवर्ग घेणे. बहाईंवर सरसकट आरोप असे तो झायोनिस्टांसाठी हेरगिरीचा, कारण त्यांचे जागतिक केंद्र हैफाला आहे. त्यांचे संस्थापक बहाउल्ला उस्मानी कैदी म्हणून त्या किनाऱ्यावर आणले गेले ते १८६८ मध्ये, इस्रायल जन्माला येण्याच्या ८० वर्षे आधी. शिवाय श्रद्धा सोडल्यास जीव वाचेल, असेही कैद्यांना सांगितले जाई. हेराला कोणी धर्मांतर करून सुटण्याची संधी देत नाही. इथे परराष्ट्र धोरण हाच बुरखा होता, आणि त्याच्याखाली धर्मद्वेष.

१९८८-८९ च्या अवघ्या आठ महिन्यांत दोन्ही गोष्टी पाठोपाठ पाहायला मिळतात. ३ जुलै १९८८ ला ‘व्हिन्सेन्स’ या अमेरिकन युद्धनौकेने आखातावर इराण एअरचे प्रवासी विमान पाडले. २९० माणसे मेली, त्यांत ६६ मुले आणि १० भारतीय. नौकेच्या कप्तानाला पुढे पदक मिळाले. या घटनेवर इराणी माणूस संतापला तर त्याचा धर्म विचारण्याचे कारण नाही. १४ फेब्रुवारी १९८९ ला खोमेनींनी मुंबईत जन्मलेल्या सलमान रश्दींच्या हत्येचा फतवा काढला. रश्दींनी कुठले विमान पाडले नव्हते, कुठले सरकार उलथवले नव्हते. त्यांच्या कादंबरीच्या जपानी अनुवादकाचा १९९१ मध्ये खून झाला, तेव्हा जपानने इराणवर कोणता अन्याय केला होता?

आणि मुंबई? भारताने या पुस्तकाची आयात ऑक्टोबर १९८८ मध्येच बंद केली होती, फतव्याच्या चार महिने आधी. तरी २४ फेब्रुवारी १९८९ ला मुंबईत ब्रिटनच्या कचेरीच्या दिशेने मोर्चा निघाला, पोलिसांनी गोळीबार केला आणि बारा माणसे मेली. त्या बारा जणांना ना मोसादेगांचा इतिहास लागू होता, ना अबादानच्या तेलाचा. तेहरानमध्ये शंभर वर्षांच्या अपमानातून तयार झालेली भाषा मुंबईच्या रस्त्यावर तिच्या कारणांशिवाय पोहोचली होती. भाषेचे असे होते. ती एकदा घडली की तिला जन्म देणाऱ्या प्रसंगांची गरज उरत नाही.

इराणात मात्र उलटा प्रवास चालू आहे. ८ मार्च १९७९ ला, क्रांती महिन्याचीही झाली नव्हती तेव्हा, तेहरानच्या स्त्रिया हिजाबसक्तीविरुद्ध रस्त्यावर उतरल्या होत्या, आणि परकीय शत्रू समोर असताना ही वेळ नव्हे असे डाव्यांसह अनेकांनी त्यांना ऐकवले होते. सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनीच्या मृत्यूनंतर त्यांच्या मुली-नाती उतरल्या. अलीकडच्या आंदोलनांत इराणी रस्त्यांवर एक घोषणा पुन्हा पुन्हा ऐकू आली आहे. तिचा आशय असा की, शत्रू अमेरिका आहे असे हे खोटेच सांगतात, आमचा शत्रू इथेच आहे.